हिवाळ्यात विदर्भातल्या जंगलकाठच्या वाटांवर माउंटन बाइक: वाट शोधण्यापासून घरी परतेपर्यंत

दिवाळी आटोपते, कापसाची वेचणी जोरात येते आणि विदर्भातले पांदण रस्ते, म्हणजे शेतात जायच्या कच्च्या वाटा, पुन्हा चालण्याजोगे होतात. पावसाळाभर घोट्याइतका चिखल धरून बसलेली काळी माती वाळते. बंड्या (बैलगाड्या) आणि ट्रॅक्टर ये-जा करून ती दाबून बसवतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून माउंटन बाइकला हवी तशी वाट तयार असते आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती तशीच राहते. १५ फेब्रुवारीला वनविभागाचा वणव्याचा हंगाम सुरू होतो, सागाची पानं गळून वाळतात, ऊन चटके द्यायला लागतं. म्हणजे मोकळे मिळतात ते साधारण तीन महिने.

या तीन महिन्यांत एक नियम पाळला तर बाकीचं बरंच आपोआप जमतं: गुराख्याच्या वेळेनं चालायचं. ढोरं आखरावरून (गावाजवळ ती गोळा होतात त्या जागेवरून) निघाल्यावर निघायचं आणि ती गावाकडे वळायच्या आत आपण जंगलकाठ सोडलेला असायचा. पहाटेच्या धुक्यात सायकल चालवायची हौस मीही समजू शकतो, पण ती डांबरी रस्त्यावर भागवावी.

आधी ठरवा, कुठे जायचं नाही

ताडोबा-अंधारी, मेळघाट, पेंच, बोर आणि नवेगाव-नागझिरा हे विदर्भातले व्याघ्र प्रकल्प. त्यांच्याशिवाय टिपेश्वर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, ज्ञानगंगा, पैनगंगा अशी अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. तिथल्या आतल्या वाटा आपल्यासाठी नाहीतच. बफरमधली, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली वाट नकाशावर कितीही सुंदर दिसली तरी वनविभागाला विचारल्याखेरीज तिच्यावर चाक घालू नका. राखीव वनालाही हेच लागू आहे. त्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांना किंवा निदान त्या बीटच्या, म्हणजे तेवढ्या भागाच्या वनरक्षकाला विचारावं. नाही म्हणाले तर विषय तिथंच संपवावा.

चंद्रपूर जिल्ह्यातला ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल हा पट्टा तर सरळ वगळा. तिथे वाघ अभयारण्याच्या बाहेर, शेतशिवारात वावरतात. सरपणाला, तेंदूपानाला, मोहफुलाला गेलेली माणसं आणि गुराखी तिथे जिवाला मुकले आहेत. पोटासाठी जंगलात जाणं ज्यांना टळत नाही त्यांच्या वाटेवर आपण व्यायामासाठी जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

'आमच्याकडे वाघ नाही' या बोलण्यावरही फार विसंबू नका. टिपेश्वरमध्ये जन्मलेला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातून निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातलं मोठं अंतर तुडवत वर्षाच्या शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत शेतं होती, नाले होते, रस्ते होते. तेव्हा 'आज इथे काही दिसलं का?' हा प्रश्न त्याच दिवशी, त्याच गावात विचारायचा असतो.

मग जायचं कुठे?

आपल्या कामाच्या वाटा तीन प्रकारच्या. पहिली, दोन गावांना जोडणारी किंवा गावातून वावरात (शेतात) जाणारी पांदण. दुसरी, गावाला लागून असलेल्या माळावरची, झुडपी जंगलातली बंडीवाट; हीही वनविभागाच्या ताब्यात असू शकते, म्हणून इथेही विचारूनच. तिसरी, जंगलाच्या अगदी काठानं, एका बाजूला वावर आणि दुसऱ्या बाजूला साग ठेवून जाणारी वाट. ही तिसरी मला सगळ्यात आवडते. झाडांची सावली मिळते, पक्षी भरपूर दिसतात आणि शेताच्या बाजूला माणसांची ये-जा असते.

पश्चिम विदर्भात, म्हणजे अमरावती, यवतमाळ, वर्धा, बुलढाणा या बाजूला खाली काळा बेसाल्ट आहे. टेकडीवर मुरूम आणि गोटे, उताराला लागलं की काळी माती. चढ-उतार छोटे पण खडे. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे जमीन सपाट, भाताच्या बांध्या, तलाव आणि वाळूचे नाले. पहिल्यांदा चालवणाऱ्याला पश्चिमेकडची मुरमाची पांदण सोपी जाते, कारण मुरमावर टायर धरून राहतो.

घरी बसून मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडा. पांदण दोन समांतर पांढुरक्या रेघांसारखी दिसते, पायवाट एका रेघेची. गावातून निघून दुसऱ्या गावात जाणारा आणि तिसऱ्या बाजूनं परत आणणारा १५ ते २० किलोमीटरचा फेरा आखा. दर चार-पाच किलोमीटरवर वस्ती, तांडा किंवा डांबरी रस्ता यायला हवा, कारण सायकल मोडली तर तेवढंच अंतर ढकलत जाता येतं. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, टेकडीच्या आड नेटवर्क जातं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशेही पाहावेत. त्यांत नाले आणि समोच्च रेषा नीट कळतात.

नंतर सायकल न घेता एकदा त्या गावात जाऊन या. पोलीस पाटील, सरपंच, पारावर बसलेले म्हातारे बाबा, चहाच्या टपरीवाला भाऊ, कोणालाही विचारलं तरी चालतं. 'काका, ही पांदण पलीकडच्या गावाला निघते का?' असं विचारलं की उत्तर साधारण असं येतं: 'नाल्यालोक (नाल्यापर्यंत) बरोबर हाये. समोर मंग बंडी नाही जात, पायीच जा लागते.' नकाशाला हे माहीत नसतं. बोलताना तीन गोष्टी मुद्दाम विचारून घ्या. गेल्या आठ दिवसांत वाघ, बिबट किंवा अस्वल कोणी पाहिलं का? नाल्याला पाणी किती? आणि कोणी वावराला तार लावली आहे का?

तारेचं नीट समजून घ्या

रानडुकरं आणि रोही (नीलगाय) एका रात्रीत हरभऱ्याचं वावर उलथून टाकतात. म्हणून शेतकरी कुंपणाला झटका मशीन लावतात. त्यात बॅटरीवर किंवा सौर पॅनेलवर थोड्या थोड्या वेळानं झटका येतो. तो जोरात बसतो, पण क्षणभराचा असतो. खरा धोका वेगळ्या तारेचा. काही जण खांबावरच्या लाइनीतून थेट करंट घेऊन जमिनीपासून हात-दीड हातावर उघडी तार ओढतात. हे बेकायदेशीर आहे आणि जनावरांइतकंच माणसांच्या जिवावर बेततं. अशी तार बहुतेक संध्याकाळी चालू करतात आणि सकाळी बंद करतात. पण सकाळी बंद करायचं राहूनही जातं.

यातून दोन सवयी लावून घ्या. पांदण सोडून कोणाच्या वावरातून आडवं जायचं नाही, अंतर कितीही वाचत असलं तरी. आणि कोणतीही तार, बंद आहे असं सांगितलं तरी, हातानं किंवा सायकलनं वाकवायची नाही. सोबतचा तारेला चिकटलाच तर त्याला धरू नका. जवळ डीपी (विजेची पेटी) किंवा स्विच असेल तर आधी करंट बंद करा, नसेल तर आरडाओरडा करून वावरवाल्याला गाठा आणि ११२ ला फोन लावा.

सायकल: खर्च टायरवर करा

साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल पुरते. डिस्क ब्रेक असावेत, सर्वांत हलका गिअर खरंच हलका असावा. फार किमती सायकलची इथे गरज नाही. जे पैसे वाचतील ते टायरवर घाला, कारण विदर्भात सायकल थांबते ती काट्यानं.

बाभूळ, हिवर, बोर, खैर, आणि जमिनीलगत सराटे. त्यातही शेतकरी पांदणीच्या कडेला बोर-बाभळीच्या फांद्यांची कुपाटी (काटेरी कुंपण) करतात आणि बंडीवरून पडलेले तुकडे चाकोरीतच दबून राहतात. २.१ ते २.२५ इंच रुंदीचा, जाड कडांचा टायर घ्या. ट्यूबलेस करता आलं तर फार उत्तम. आत सीलंट (भोक बुजवणारा द्रव) असलं की बारीक काटे लागतात आणि भोक आपोआप बुजतं. असा काटा वाटेत उपसू नका, घरी जाऊन काढा. मात्र आपल्या कोरड्या हवेत सीलंट सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी थोडं भरावं लागतं. ट्यूब वापरत असाल तर ट्यूबमध्येही सीलंट घालता येतं, शिवाय टायरच्या आतून लायनरची पट्टी बसवा.

हवा किती, हे वजनावर आणि टायरवर अवलंबून आहे. ७० किलोच्या माणसाला ट्यूब असेल तर ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास, ट्यूबलेसमध्ये २५ च्या जवळपास सुरुवात करा आणि पुढच्या चाकात एक-दोन पीएसआय कमी ठेवा. हवा कडक भरली की गोट्यांवर चाक उडतं. फार कमी भरली तर रिमवर दगड आपटून ट्यूबला दोन समांतर चिरा पडतात.

व्हॉल्व मोटरसायकलसारखा जाड असेल तर कोणत्याही गावातल्या पंक्चरच्या दुकानात हवा भरून मिळते. बारीक, लांब व्हॉल्व असेल तर त्याचं पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. ते नसलं की दुकानासमोर उभं राहूनही हवा भरता येत नाही.

सोबत एक जास्तीची ट्यूब, पॅच आणि सोल्युशन, टायर लिव्हर, हातपंप, अ‍ॅलन कीचा संच, चेनची क्विक लिंक आणि चेन तोडायचं अवजार घ्या. मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा, दगडावर आपटून वाकतो आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. तो तालुक्याला मिळत नाही, आधीच मागवून ठेवा. चेनला धुळीत चालणारं कोरडं वंगण लावा. घट्ट तेल लावलं तर मुरमाची पूड चिकटून चेन घासते.

कपडे, पाणी, शिदोरी

विदर्भातली थंडी कोरडी आणि सकाळपुरती. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, तरी असे दिवस थोडेच. साधारणपणे सकाळी १०-१२ अंश आणि दुपारी २८ च्या आसपास. म्हणून एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा पातळ दोन-तीन थर घाला आणि तापत जाल तसे काढून पाठीवरच्या पिशवीत टाका. पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट मात्र दुपारीही ठेवा. कुसळ आणि काट्यांपेक्षाही खाजकुइलीसाठी ते लागतं. नोव्हेंबरनंतर तिच्या शेंगा पिकतात आणि वेलीला नुसता धक्का लागला तरी केसाळ कुसं अंगावर पडतात. लागली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उपसा, मग भरपूर पाण्यानं धुवा. हेल्मेट, हातमोजे आणि धुळीसाठी साधा चष्मा हवेतच.

थंडीत तहान लागत नाही, पण हवा कोरडी असल्यानं पाणी जातच राहतं. माणशी दोन लिटर धरा. खायला गूळ-शेंगदाणे, तिळाचे लाडू, संत्री. भाकर आणि ठेचा बांधून नेला तर दुपारी कुठल्याही मळ्यात बसून खाता येतो, आणि विचारलंत तर हरभऱ्याचे सोले किंवा संत्री कोणी नाकारत नाही. न विचारता मात्र फांदीला हात लावू नका. ते त्या घराचं वर्षाचं उत्पन्न आहे.

दिवसाचं वेळापत्रक

जानेवारीच्या सुरुवातीला नागपूर भागात सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. वाघ, बिबट, अस्वल, डुक्कर या सगळ्यांची हालचाल या दोन वेळांच्या आसपास सर्वांत जास्त. गावातून साडेआठ-नऊला निघा. दोन वाजता तुम्ही फेऱ्याच्या अर्ध्यापलीकडे असायला हवे. साडेचारला डांबरी रस्ता पायाखाली हवा. दोन वाजेपर्यंत अर्धं झालं नसेल तर आल्या वाटेनं परत फिरा, कारण माहीत असलेली वाट नव्या वाटेपेक्षा लवकर कापली जाते.

एकटं जायचं नाही. तिघं-चौघं बरे. दहा-बारा जणांचा तांडा झाला तर धूळ, गोंगाट आणि खोळंबाच जास्त. इअरफोन कानात घालू नका. निघताना गावात एकाला सांगा, कोणत्या पांदणीनं जाता आणि कुठून निघणार, आणि त्याचा नंबर घ्या.

प्रत्यक्ष चालवताना

उभं राहून, दोन्ही पेडल जमिनीला समांतर, गुडघे आणि कोपर सैल, नजर चाकापुढे पाच-सात मीटर. खडबडीत वाटेवर हीच मूळची बैठक. धक्के हातपायांनी झेलायचे, बुडानं नाही.

मुरमाच्या चढावर मात्र बसूनच राहा. सीटच्या पुढच्या टोकावर सरका, छाती हँडलकडे झुकवा, हलका गिअर चढ सुरू व्हायच्या आधीच टाका. उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागीच फिरतं. उतरताना बूड मागे, एक-एक बोट दोन्ही ब्रेकवर, थोडं दाबा, सोडा, परत दाबा. मुरूम मोकळा असेल तर वळणात ब्रेक अजिबात नको. वेग वळणाआधीच कमी करा.

काळ्या मातीतल्या चाकोरीनं नवख्या माणसाला सर्वांत जास्त पाडलेलं आहे. बंडीच्या चाकांनी पडलेल्या या चरांच्या कडा वाळून विटेसारख्या कडक होतात. चाकोरीत शिरलात तर हँडल वळवू नका, सरळ जात राहा, पेडल समांतर ठेवा म्हणजे कडेला अडकणार नाही. बाहेर पडायचं असेल तेव्हा चर उथळ झालेली जागा शोधा, वेग कमी करा, पुढचं चाक जरा उचलून एकदम मोठ्या कोनात बाहेर काढा. तिरप्या चाकानं हळूहळू चढायला गेलं की चाक कडेला घासतं आणि माणूस आडवा होतो. मधल्या वरंब्यावरचं गवत मऊ दिसतं, पण त्यात गोटे लपलेले असतात.

सागाची पानं जानेवारीत वाटेवर साचायला लागतात. ती ताटाएवढी असतात, खालचा खड्डा पूर्ण झाकतात आणि एकमेकांवरून घसरतात. पानांवर वळताना सायकल तिरपी करू नका, ब्रेक सरळ असतानाच लावा. वाट नवी असेल तर तेवढा तुकडा चालत जाऊन बघण्यात काही कमीपणा नाही.

वाळूच्या नाल्यात शिरायच्या आधी एक गिअर जड करा, वजन मागे न्या, हँडल सैल धरा आणि पेडल मारणं थांबवू नका. पाणी असेल आणि तळ दिसत नसेल तर सायकल खांद्यावर.

अवकाळी पाऊस झाला तर काळ्या मातीत जाऊच नका. चिखल टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरतो, चाक दहा पावलांत जाम होतं. शिवाय ओल्या पांदणीत आपण पाडलेले चर वाळून कडक होतात आणि कापूस आणणाऱ्या बैलांना ते पुढचा महिनाभर भोवतात. तीन-चार दिवस कडक ऊन पडू द्या. मग टाच दाबून पाहा. ठसा उमटला पण माती बुटाला चिकटली नाही तर वाट तयार आहे.

पंक्चर काढायची जागा

याचा कोणी फारसा विचार करत नाही. वाघ-बिबट्याचे हल्ले पुष्कळदा वाकलेल्या, बसलेल्या माणसावर होतात, कारण तसा माणूस त्यांना जनावराएवढा दिसतो. पंक्चर काढताना आपण नेमके तसेच बसतो, तेही मान खाली घालून. म्हणून झुडपात हवा गेली तर तिथे थांबू नका. सायकल ढकलत मोकळ्या जागेत, वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) आणा. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं उभं राहून चहूकडे बघत राहायचं. लघवीला जातानाही एकटं झुडपाआड जायचं नाही.

जनावरं समोर आली तर

ढोरांचा कळप आला की सायकलवरून उतरा, एका बाजूला उभे राहा, त्यांना जाऊ द्या. कुत्री धावून आली तरी उतरा आणि सायकल मध्ये ठेवा. गुराखी दादाला रामराम घाला आणि पुढची वाट विचारा. त्या क्षणी तुमच्या आसपास जंगलाची सर्वांत ताजी बातमी त्याच्याकडेच असते.

अस्वलाला दुरून आपली चाहूल लागत नाही, त्यामुळे ते अचानक समोर येतं आणि घाबरून अंगावर येतं. हिवाळ्याच्या शेवटी बोरं पिकतात तेव्हा बोरीच्या झुडपांजवळ जास्त जपा. हँडलला घुंगरू बांधा, वळणांवर घंटी वाजवा, बोलत चला. दिसलंच तर थांबा आणि हळूहळू मागे सरका. अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान झाकून घ्या. पाठीवर पिल्लं असलेली मादी सर्वांत धोक्याची.

धुळीत वाघाचे किंवा बिबट्याचे ताजे ठसे दिसले, वानरं एका जागी पाहून खेकसायला लागली, चितळ सतत ओरडू लागलं, तर फेरी तिथंच संपली असं धरा आणि परत फिरा. प्रत्यक्ष समोर आला तर पळू नका, पेडल मारत तर मुळीच नाही. पाठ फिरवून पळणाऱ्याचा पाठलाग होतो. सायकल आडवी समोर धरा, ताठ उभे राहा, सगळे एकत्र या, मोठ्या आवाजात बोलत पावलापावलानं मागे सरका. सुखरूप बाहेर आल्यावर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. उद्या त्याच वाटेनं कोणीतरी ढोरं घेऊन जाणार असतं.

कोणी पडून हात मोडला, डोकं आपटलं, तर १०८ ला फोन करा. जागा सांगताना 'जंगलात' म्हणून उपयोग नाही. वनविभागाचे दगड आणि फलक दिसतील त्यांवर कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याचा आकडा, लिहिलेला असतो. जाताना तो दिसेल तिथे फोटो काढत चला. वनरक्षकाला त्या आकड्यावरून जागा लगेच कळते.

परतल्यावर

ज्यांना सांगून निघालात त्यांना आलो म्हणून सांगा. वाटेत ठसे, तार, तुटलेली कुपाटी, धूर, जे दिसलं ते त्यांच्या कानावर घाला. सरकवलेलं काट्याचं कुंपण जसं होतं तसं लावूनच आलेले असाल, हे मी धरूनच चालतो. बिडी-काडी, प्लास्टिक जंगलात काहीही सोडायचं नाही, आणि चूल तर पेटवायचीच नाही.

घरी अंग बघा, विशेषतः काखा, कंबर आणि गुडघ्यांच्या मागची बाजू. गोचीड लागलेली असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ उपटा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आठवणीनं सांगा. पूर्व विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण सापडलेले आहेत आणि तो गवतातल्या बारीक किड्यांमुळे होतो.

सायकल पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊ नका, बेअरिंगमध्ये पाणी जातं. कोरड्या ब्रशनं धूळ झटका, चेन फडक्यानं पुसून वंगणाचा एकेक थेंब द्या. टायर हळूहळू फिरवत काटे शोधा. ट्यूब असेल तर टायरच्या आतून फडकं फिरवा, म्हणजे टोक आत आलेला काटा कापडाला अडकतो. बोटानं चाचपू नका. नंतर हवा भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाक दाबून बघा. मऊ लागलं तर एखादा बारीक काटा अजून आत आहे.